आधी लाकूड, मग नाव : जॉर्जियन काळातलं इंग्लिश फर्निचर



या व्यासपीठावरून खुर्चीबद्दल बोलायचं म्हटलं की श्रोते राजकारणाची वाट पाहू लागतात. आजची खुर्ची चार पायांची, लाकडाची, बसायची आहे. तिच्या जोडीला टेबलं आहेत, खणांची कपाटं आहेत, पुस्तकांची कपाटं आहेत. राजकारण मात्र पूर्ण टळेल असं आश्वासन मी देत नाही. ते मागच्या दारानं येणारच आहे, एका करमाफीच्या रूपानं.

विषय आहे जॉर्जियन काळातलं इंग्लिश फर्निचर, त्यातही अक्रोड आणि महोगनी या दोन लाकडांचं. इंग्लंडच्या गादीवर लागोपाठ चार जॉर्ज बसले. पहिला १७१४ मध्ये आला, चौथा १८३० मध्ये गेला. आपल्या हिशोबानं सांगायचं तर बाळाजी विश्वनाथ पेशवे होते तेव्हा हा काळ सुरू झाला आणि पेशवाई बुडून बारा वर्षं लोटली तेव्हा संपला. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना हातानं काम करणाऱ्या माणसांविषयी फार आस्था होती, असं आयोजकांनी मला सांगितलं. तेवढ्या एका धाग्यावर हा विषय मी इथे आणायचं धाडस करतो आहे.

या फर्निचरवरची पुस्तकं बहुधा तीन नावांपासून सुरू होतात : चिपेंडेल, हेपलव्हाइट आणि शेरेटन. लिलावाच्या यादीत हीच नावं, दुकानात हीच, दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमांतही हीच. माझं म्हणणं असं आहे की नावापासून सुरुवात केली की समोरची वस्तू दिसेनाशी होते. सुरुवात लाकडापासून करावी. ते कुठून आलं, का आलं, कोणी तोडलं, कोणी चिरलं, कोणी सांधलं, हे आधी विचारावं. नाव सगळ्यात शेवटी घ्यावं, तेही कागदाचा पुरावा हातात असेल तरच.

पहिल्या जॉर्जच्या काळातलं, म्हणजे साधारण १७२० ते १७२५ च्या सुमाराचं अक्रोडाचं खणांचं कपाट डोळ्यांसमोर आणा. समोरून पाहिलं तर सगळं अक्रोडच वाटतं. मधाच्या रंगाचं, आत काळपट रेषांची नक्षी असलेलं. प्रत्येक खणाच्या दर्शनी भागाला कडेनं एक बारीक पट्टी फिरवलेली असते. तिच्यातल्या रेषा दोन्ही बाजूंनी तिरक्या येऊन मधोमध भेटतात. आता खण ओढून बाहेर काढा आणि त्याच्या बाजू पाहा. त्या ओकच्या किंवा पाइनच्या निघतात. कपाटाची पाठ पाइनची, तळ पाइनचा. अक्रोड आहे ते फक्त वरचं पातळ पान, आपण आज ज्याला व्हिनिअर म्हणतो ते. एक माणूस वर आणि एक खाली खड्ड्यात उभा राहून, लांब करवतीनं ओंडका चिरत असे. तशाच हातकरवतीनं कापलेली ही पानं दीड-दोन मिलिमीटर जाड असत, कधी त्याहूनही जाड. आजच्या कारखान्यातलं व्हिनिअर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, हे ध्यानात घेतलं म्हणजे तेव्हाच्या कामाची कल्पना येते.

एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेली दोन पानं पुस्तक उघडावं तशी शेजारी शेजारी ठेवली की डाव्या बाजूची नक्षी उजवीकडे उलटी उमटते. खोडाला जिथे गाठ आलेली असते तिथलं लाकूड या कामासाठी सगळ्यात मोलाचं. त्यात रेषा सरळ जातच नाहीत, गरगर फिरतात. असं लाकूड भक्कम नसतं, त्याची खुर्ची केली तर मोडेल; पण पातळ कापून पाइनवर सरसानं चिकटवलं तर त्यासारखं देखणं काही नाही. थोडक्यात, अक्रोडाच्या काळातला कारागीर सपाट पृष्ठभागावर खेळणारा होता. त्याची सगळी करामत दर्शनी पानावर होती आणि त्याला साजेसंच कपाटांचं रूप होतं : चौकोनी, शांत, फारसं कोरीवकाम नसलेलं. खुर्च्या मात्र भरीव अक्रोडाच्या असत, गुडघ्यासारखा बाक दिलेल्या पायांच्या.

अक्रोडाला एक खोड होती. कीड त्याच्यावर जीव टाकते. आणि चांगलं अक्रोड बरंचसं फ्रान्सहून येई. १७०९ च्या जानेवारीत युरोपात जी थंडी पडली ती अजूनही तिकडे सांगितली जाते. त्या थंडीत फ्रान्समधली असंख्य अक्रोडाची झाडं मेली. पुढे १७२० मध्ये फ्रान्सनं या लाकडाची निर्यातच बंद केली. जुन्या पुस्तकांत इथेच गोष्ट संपते : अक्रोड संपलं, म्हणून महोगनी आली. ही गोष्ट सोपी आहे आणि अपुरी आहे. लाकडांच्या व्यापाराचा बारकाईनं अभ्यास करणारे ॲडम बाउएट यांनी दाखवून दिलं आहे की खरी कळ फिरली ती लंडनच्या पार्लमेंटमध्ये.

१७२१ मध्ये पार्लमेंटनं एक कायदा केला. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचं आयातशुल्क त्यानं काढून टाकलं. हेतू आरमाराचा होता. जहाजांसाठी लागणारा माल बाल्टिक समुद्राकाठच्या परक्या देशांकडून घ्यावा लागे, ते अवलंबित्व कमी करायचं होतं. खुर्चीचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. पण वसाहती म्हटल्यावर वेस्ट इंडीजमधली बेटंही त्यात आली, जमैका आलं, आणि जमैकात महोगनी होती. आजवर क्वचित येणारं हे तांबूस, जड लाकूड एकदम शुल्कमुक्त झालं. आकडे बोलके आहेत. १७४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये वर्षाला ५२५ टन महोगनी येत होती. १७५० मध्ये ३,६८८ टन. १७८८ मध्ये ३०,००० टनांहून जास्त. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांत जवळजवळ साठपट!

हा कायदा झाला तेव्हा सरकारचा कारभार रॉबर्ट वॉलपोल यांच्या हाती होता. इंग्लंडचे पहिले पंतप्रधान म्हणून त्यांचं नाव घेतात. नॉरफोकमध्ये त्यांनी त्याच दशकात हॉटन हॉल हा वाडा बांधायला घेतला. तिथले दरवाजे महोगनीचे आहेत आणि जिनाही महोगनीचा आहे. शुल्क माफ करणाऱ्या सरकारच्या प्रमुखानं त्याच लाकडानं घर सजवावं, यात कोणाला काही खटकलं असेल तर ते बोलून दाखवण्याची रीत तेव्हाही फारशी नसावी.

महोगनी हातात आल्यावर कारागिराच्या ध्यानात आलं की इथे जुने नियम चालत नाहीत. हे झाड अवाढव्य. त्याची फळी इतकी रुंद निघे की टेबलाचा अख्खा माथा एका सलग फळीचा करता येई, जोड द्यायची गरजच नाही. वाळल्यावर ते फारसं वेडंवाकडं होत नाही, कीड त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि पटाशीखाली ते स्वच्छ कापलं जातं. खुर्चीच्या पाठीतली मधली फळी अक्रोडाच्या काळात भरीव असे, फुलदाणीच्या आकाराची. महोगनीत तीच फळी आरपार कोरून तिच्यात गुंफलेल्या फितींची नक्षी करता येऊ लागली, कारण लाकूड इतकं चिवट की अंगठ्याएवढ्या जाडीचा दुवाही वजन पेलतो. पायाच्या टोकाला गोळा पकडलेला पंजा अधिक खोल कोरता येऊ लागला. सुरुवातीची काही वर्षं सवयीनं अक्रोडाचेच आकार महोगनीत करून झाले. मग हळूहळू लाकडानं कारागिराला आपल्या वळणावर आणलं. पुढे लोक ज्याला चिपेंडेलची खुर्ची म्हणू लागले तिचा अर्धा आराखडा या झाडानं ठरवला होता.

आता हे झाड तोडलं जायचं कसं ते सांगतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण फर्निचरच्या पुस्तकांत या भागाला एखादं वाक्यच मिळतं.

जमैकातल्या किनाऱ्याजवळची, ओढून आणायला सोयीची झाडं शतकाच्या उत्तरार्धात संपत आली. मग भर पडली ती मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर, ज्याला तेव्हा होंडुरासचा उपसागर म्हणत आणि जिथे आज बेलीझ हा देश आहे. तिथे मळे नव्हते, शेती जवळजवळ नव्हती. इंग्रज वसाहतवाले आणि त्यांनी आफ्रिकेतून व जमैकातून विकत आणलेले गुलाम, आणि जंगल. महोगनीची झाडं एका जागी राईसारखी वाढत नाहीत, मैलामैलांत एखादं. म्हणून प्रत्येक टोळीत एक शोध्या असे, तोही गुलामच, पण सगळ्यांत मोलाचा. ऑगस्टच्या सुरुवातीला महोगनीच्या पानांवर तांबूस-पिवळी झाक येते. तो दाट रानातून वाट काढत उंच जागी जाई, तिथल्या सगळ्यात उंच झाडाच्या शेंड्यावर चढे आणि चहूबाजूंना नजर फिरवून तो रंग हुडके. मग खाली उतरून, दिशेचा अंदाज मनात धरून, टोळीला नेमकं त्या झाडापाशी घेऊन जाई.

महोगनीचं खोड बुंध्याशी फाकलेलं असतं, म्हणून जमिनीपासून दहा-बारा फुटांवर माच बांधून, त्यावर उभं राहून कुऱ्हाडीनं ते तोडत. मग नदीपर्यंत रस्ता करायचा. पाऊस थांबून जमीन कडक झाली की एप्रिल-मे महिन्यांत बैलांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपून ओंडके ओढायचे, तेही रात्री, मशालींच्या उजेडात, कारण दिवसाच्या उन्हात बैल टिकत नसत. जूनमध्ये पाऊस लागून नद्या फुगल्या की ओंडके पाण्यात सोडायचे आणि त्यांच्यामागून होड्यांतून जायचं. नदीच्या मुखाशी आडव्या साखळीला ओंडके अडत, तिथे प्रत्येक मालक आपली खूण पाहून आपला माल वेगळा काढी. त्यानंतर जहाज, अटलांटिक, आणि लंडन, लिव्हरपूल, ब्रिस्टल किंवा लँकेस्टरचा धक्का. बेलीझच्या आजच्या राष्ट्रध्वजावर महोगनीचं झाड आहे आणि त्याच्या दोन बाजूंना हत्यारं घेतलेले दोन लाकूडतोडे उभे आहेत. ज्या कामात माणसं विकत आणून जुंपली गेली, त्याच कामाच्या माणसांना त्या देशानं ध्वजावर जागा दिली. मला ही गोष्ट फार योग्य वाटते.

लाकूड धक्क्यावर उतरलं. आता नावांकडे येऊ.

थॉमस चिपेंडेल यॉर्कशायरमधल्या ऑटली गावचा. १७१८ च्या जूनमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. लंडनमध्ये सेंट मार्टिन्स लेन या, तेव्हा कलावंतांच्या आणि कारागिरांच्या वस्तीत, त्यानं १७५४ च्या सुमारास दुकान थाटलं आणि त्याच वर्षी एक पुस्तक काढलं : ‘द जेंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डिरेक्टर’. दीडशेहून अधिक कोरीव चित्रपृष्ठं आणि त्यांत खुर्च्या, पलंग, टेबलं, कपाटं, आरशांच्या चौकटी यांचे नमुने. इंग्लंडमध्ये एखाद्या फर्निचर करणाऱ्यानं आपल्या नमुन्यांचं एवढं मोठं पुस्तक काढायची ही पहिलीच वेळ. दुसऱ्याच वर्षी पुन्हा छापावं लागलं, १७६२ मध्ये वाढवलेली तिसरी आवृत्ती निघाली. पुस्तक विकत घेणाऱ्यांत जसे सरदार-उमराव होते तसे सुतारही होते. आणि इथेच गोम आहे. पुस्तक हातात आलेला कोणताही बऱ्यापैकी कारागीर, मग तो यॉर्कचा असो, डब्लिनचा असो की अटलांटिकपलीकडच्या फिलाडेल्फियाचा, त्या नमुन्यावरून खुर्ची करू शकत होता. त्यांनी ती केलीच. म्हणून आज जगात ‘चिपेंडेल’ म्हणून असलेल्या हजारो खुर्च्यांपैकी चिपेंडेलच्या कारखान्यात झालेल्या अगदी मूठभर आहेत.

त्या मूठभरांची ओळख कशी पटते? वस्तूवर सही नाही. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून कारागिराला आपल्या नावाचा शिक्का फर्निचरवर मारावा लागे. लंडनमध्ये असा नियमच नव्हता. चिपेंडेलची खात्री पटते ती बिलांवरून. यॉर्कशायरमधल्या नॉस्टेल प्रायरीत महोगनीचं एक भलंमोठं ग्रंथालयातलं टेबल आहे. १७६७ च्या हिशोबात त्याची किंमत ७२ पौंड १० शिलिंग लावलेली आहे. ते बिल त्या घरानं जपलं म्हणून ते टेबल चिपेंडेलचं. त्याच घरच्या कागदपत्रांत चिपेंडेलनं पैशांसाठी केलेल्या विनवण्याही आहेत, कारण मालक सर रोलंड विन बिल चुकतं करण्यात मुळीच तत्पर नव्हते. बड्या गिऱ्हाइकाकडे थकलेली उधारी ही चिपेंडेलची आयुष्यभराची डोकेदुखी. १७७९ मध्ये तो क्षयानं गेला. मुलानं, तोही थॉमसच, धंदा पुढे चालवला आणि १८०४ मध्ये त्याचं दिवाळं निघालं.

चिपेंडेलचं सगळ्यात मोठं काम हेअरवुड हाउसचं, तेही यॉर्कशायरमध्येच. मालक एडविन लॅसेल्स. त्यांच्या घराण्याचा पैसा बार्बाडोसच्या साखरेतला, म्हणजे गुलामांच्या श्रमाचा. तेव्हा हेअरवुडमधल्या एखाद्या महोगनीच्या खुर्चीपुढे उभं राहिलं की तिचं लाकूड आणि तिचं बिल, दोन्ही एकाच समुद्रापलीकडून आलेलं दिसतं. तिथल्या कारागिरीचं मला मनापासून कौतुक वाटतं. डायना आणि मिनर्व्हा या देवतांची चित्रं लाकडात जडवलेलं १७७३ मधलं कमोड, म्हणजे बैठकीतलं शोभेचं खणांचं बैठं कपाट, हे त्या शतकातल्या उत्तम कामांपैकी एक आहे. पण त्याचं कौतुक करताना दुसरा हिशोब विसरायचा नाही, एवढं पथ्य मी पाळतो.

उरलेल्या दोन नावांची गंमत याहून मोठी. जॉर्ज हेपलव्हाइट १७८६ मध्ये वारला. त्याच्या नावाचं पुस्तक त्याच्या विधवेनं, ॲलिसनं, १७८८ मध्ये काढलं. ढालीच्या आकाराची पाठ असलेल्या खुर्चीला आज जग त्याचं नाव देतं. त्यानं स्वतः केलेली म्हणून खात्रीनं दाखवता येईल अशी एकही वस्तू नाही. शेरेटनचंही तेच. नव्वदच्या दशकात त्यानं काढलेल्या नमुनापुस्तकावर सरळ, बारीक पायांच्या फर्निचरची अख्खी पिढी पोसली. तो स्वतः लंडनमध्ये कमालीच्या गरिबीत राहिला. बाप्तिस्त पंथाचा उपदेशक, चित्रकलेचा शिक्षक, लेखक असा माणूस. ॲडम ब्लॅक नावाचा एक तरुण, जो पुढे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा प्रकाशक झाला, काम शोधत असताना काही दिवस त्याच्याकडे होता. त्यानं लिहून ठेवलं आहे की चहाची वेळ झाली तेव्हा घरात पुरेसे कप नव्हते. बाईंचा कप पाहुण्याला द्यावा लागला आणि बाईंनी लहानशा वाडग्यातून चहा घेतला. १८०६ मध्ये शेरेटन वारला. आज त्याच्या नावाच्या टेबलावर श्रीमंतांच्या घरी चांदीचे चहाचे सेट मांडले जातात!

म्हणजे तीन प्रसिद्ध नावांपैकी दोन मुख्यतः पुस्तकांची नावं आहेत, तिसरं मूठभर वस्तूंच्या पलीकडे पुस्तकाचंच. मग वस्तू केल्या कोणी? जॉर्ज सेडनच्या लंडनमधल्या कारखान्याला सोफी फॉन ला रोश या जर्मन लेखिकेनं १७८६ मध्ये भेट दिली, तेव्हा तिथे चारशे माणसं कामाला असल्याचं तिनं नोंदवलं. कपाट करणारा वेगळा, खुर्ची करणारा वेगळा, कोरीवकामाचा वेगळा, कातारी वेगळा, वर्ख लावणारा वेगळा, गादीकाम करणारा वेगळा. १७५५ च्या एप्रिलमध्ये चिपेंडेलच्या कारखान्याला आग लागली, त्यात बावीस कामगारांच्या हत्यारांच्या पेट्या जळाल्या. रंधे, पटाश्या, करवती ज्याच्या त्याच्या स्वतःच्या असत. बावीस माणसांची रोजीरोटी एका रात्रीत गेली. बातमी चिपेंडेलची झाली.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो मला फार प्रिय आहे. उत्तर इंग्लंडमधल्या लँकेस्टर बंदरात रॉबर्ट गिलो यानं १७३० च्या सुमारास दुकान काढलं. वेस्ट इंडीजशी व्यापार करणारं हे बंदर, गुलामांच्या व्यापारातही पुढे असलेलं. गिलो महोगनी स्वतः आणवे. रम आणि साखरही आणवे. या पेढीनं आपल्या वस्तूंवर शतकाच्या अखेरीस नावाचा शिक्का मारायला सुरुवात केली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिनं अंदाजपत्रकांच्या वह्या ठेवल्या. वहीत वस्तूचं छोटं रेखाटन, खाली किती लाकूड लागलं, कितीचं लागलं, सरस किती, खिळे-स्क्रू किती, मजुरी किती, आणि अनेक ठिकाणी ती वस्तू ज्यानं केली त्या कारागिराचं नाव. या वह्या आज लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या अभिलेखागारात आहेत. नाव असावं तर असं, हिशोबाच्या ओळीत.

अस्सल आणि नकली ओळखायचं कसं, हा प्रश्न व्याख्यानानंतर हमखास येतो, म्हणून आत्ताच सांगतो. समोरून पाहू नका. समोरची बाजू फसवणाऱ्यानं तुमच्यासाठीच तयार केलेली असते. खण बाहेर काढा आणि उलटा करा. कोपऱ्यावरचे सांधे, पारव्याच्या शेपटीसारखे पसरत जाणारे, हाताचे असतील तर एकमेकांशी अगदी तंतोतंत जुळत नाहीत. खणाच्या तळाची फळी कशी बसवली आहे ते पाहा : शतकाच्या पूर्वार्धात तिच्या रेषा बहुधा पुढून मागे जातात, नंतर आडव्या, डावीकडून उजवीकडे. पाठीमागच्या फळीवर करवतीच्या खुणा सरळ असतील तर हाताची करवत. गोलाकार असतील तर गोल करवत, आणि ती सरसकट वापरात आली एकोणिसाव्या शतकात. स्क्रूला टोक असेल तर तो १८४० च्या आधीचा असणं कठीण.

आणि एक मोजपट्टी खिशात ठेवा. लाकूड रेषांच्या दिशेनं जवळजवळ आक्रसत नाही, रेषांना आडवं आक्रसतं. म्हणून अडीचशे वर्षांपूर्वी परकारानं आखून कापलेला गोल टेबलाचा माथा आज गोल नसतो. एकदा रेषांच्या दिशेनं मोजा, एकदा आडवा मोजा. पाव-अर्ध्या इंचाचा फरक आला तर आनंद माना. दोन्ही मापं तंतोतंत सारखी आली तर विकणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. नकला करणारेही कमी हुशार नसतात. जुन्या पलंगाच्या फळ्यांतून ‘जुनी’ टेबलं करणं हा तिकडे मुरलेला धंदा आहे. हर्बर्ट सेसिन्स्की यांनी १९३१ मध्ये या कलेवर एक पुस्तकच लिहिलं. व्हिक्टोरियाच्या काळात तर साध्या जॉर्जियन कपाटांवर नंतर कोरीवकाम करून ती ‘भारी’ करण्याची टूम निघाली होती. ती बिचारी कपाटं ना इकडची राहिली, ना तिकडची.

जाता जाता एक गोष्ट, सभ्य श्रोत्यांची माफी मागून. जेवणघरातल्या जॉर्जियन साइडबोर्डला बऱ्याचदा एका बाजूला छोटं कपाट असतं. पुस्तकांत त्याचा उपयोग सांगताना लेखक अडखळतात. फ्रान्सवा द ला रोशफूको हा फ्रेंच सरदारपुत्र १७८४ मध्ये इंग्लंडला आला होता. त्यानं अडखळता लिहिलं. जेवण झाल्यावर बायका उठून गेल्या की पुरुष दारू पीत बसत, आणि त्या कपाटात ठेवलेलं लघवीचं भांडं तिथेच, गप्पा न थांबवता, वापरलं जाई. इतक्या सुबक महोगनीच्या दाराआड हे असायचं.

आपला या सगळ्याशी संबंध किती? फार नाही, पण आहे तो खरा आहे. इंग्लिश फर्निचरवर आज जी काचेसारखी चकाकी दिसते ती बरीचशी मूळची नाही. शेरेटननं १८०३ मध्ये दिलेली रीत साधी आहे : जवसाचं तेल आणि विटेची बारीक पूड घेऊन घासत राहायचं. ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणतात ते इंग्लंडमध्ये आलं १८२० च्या आसपास, आणि त्याचा प्राण म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ही लाख हिंदुस्थानातून जाई. आपल्या पॉलिशवाल्याच्या डब्यातला चपडा तो हाच. पुढे कित्येक जुन्या वस्तूंवरचं मेणाचं, तेलाचं मुरलेलं अंग खरवडून त्यावर हे पॉलिश चढवलं गेलं.

उलट दिशेनं महोगनी इकडे आली. १७९५ मध्ये वेस्ट इंडीजमधली रोपं कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लावली गेली. आज आपल्या शहरांतल्या रस्त्यांच्या कडेला महोगनी आहे आणि अलीकडे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना महोगनीची लागवड करून लखपती होण्याच्या जाहिरातीही येतात. त्यांना एवढंच सांगेन की जॉर्जियन टेबलाचं लाकूड रानात संथपणे, कित्येक दशकं वाढलेल्या झाडाचं होतं. दहा-पंधरा वर्षांत तोडायच्या झाडाचं लाकूड तसं निघत नाही. मूळच्या रानांची स्थिती अशी आहे की वेस्ट इंडीजमधली महोगनी १९९२ मध्ये आणि मध्य अमेरिकेतली २००३ मध्ये संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावी लागली.

आणि ते फर्निचर? एकविसावं शतक लागल्यापासून इंग्लंडमध्ये साध्या महोगनीच्या फर्निचरचे भाव कोसळले आहेत. घरं लहान झाली, वेगळं जेवणघर राहिलं नाही, मेण लावत बसायला कोणाला वेळ नाही. चिपेंडेलच्या कारखान्यातलं मानलं जाणारं हॅरिंग्टन कमोड २०१० मध्ये लंडनच्या लिलावात ३७ लाख पौंडांवर गेलं. आणि ज्याच्या कारागिराचं नाव कोणालाच माहीत नाही असं १७८० चं भक्कम, प्रामाणिक खणांचं कपाट नव्या, दाबलेल्या भुश्शाच्या फळीच्या कपाटाच्या भावात मिळतं. बाजार नावाला पैसे देतो. माझ्या दृष्टीनं तो चुकतो आहे. पण ज्याला अशी वस्तू वापरायचीच आहे, त्याच्यासाठी याहून चांगली वेळ नाही.

शेवटी एक विनंती. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवीचं कोरीव फर्निचर मोठ्या प्रमाणावर होई. इंग्लिश आकार आणि आपली नक्षी. आपल्याकडच्या जुन्या घरांतून, वाड्यांतून ते अजून निघतं. घर पाडताना, फ्लॅटमध्ये जाताना ते विकायची वेळ येते, त्याला इलाज नाही. विका. पण त्याआधी ते खरवडून, घासून नवंकोरं करू नका. आणि कपाटाच्या खणात जुनी पावती, सुताराच्या मजुरीची चिठ्ठी, पणजोबांची जमाखर्चाची वही सापडली तर ती रद्दीत घालू नका. वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, खणाच्या तळाचेसुद्धा, आणि कागद जवळच्या संग्रहालयात किंवा अभिलेखागारात नेऊन द्या. त्या चिठ्ठीवर एखाद्या सुताराचं नाव असू शकेल.